इंजिनातला बंब

शिक्षकाचा आणि आजोबांचा धंदा एकच आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. दोघांनाही दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, आणि दोघांनाही 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय नसते. मी पस्तीस वर्षे एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविले. परंतु त्या साऱ्या काळात विद्यार्थ्यांनी मला जेवढे अडविले नसेल, तेवढे गेल्या हिवाळ्यातल्या एका सकाळी माझ्या बारा वर्षांच्या नातवाने अडविले.

स्थळ उत्तर इंग्लंडातले. माझी मुलगी तिकडे स्थायिक झाली आहे. तिच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर हौशी मंडळींनी जुन्या रेल्वेचा एक लहानसा फाटा जतन करून ठेवलेला आहे. सुटीच्या दिवशी तेथे जुनी इंजिने जुने डबे ओढतात आणि पैसे देऊन लोक त्यांत बसतात. कोठेही जावयाचे नसताना गाडीत बसण्याची ही हौस मला प्रथम गमतीची वाटली होती. पण वय वाढत चालले तशी ती मला समजू लागली आहे. असो. त्या सकाळी फलाटावर हिरव्या रंगाचे, लांब नाकाचे एक डिझेल इंजिन उभे होते. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे, दोन हजार अश्वशक्तीचे. असली दोनशे इंजिने १९५८ ते १९६२ या काळात बांधली गेली, आणि त्यांच्या विशिष्ट आवाजावरून रेल्वेचे शौकीन त्यांना 'शिट्टीवाले' म्हणत. थंडी अशी होती की श्वास दिसत होता. आणि त्या इंजिनामागच्या डब्यांच्या खालून, दोन डबे जेथे जोडले जातात त्या सांध्यांतून, पांढऱ्या वाफेचे झोत आळसावल्यासारखे वर येत होते.

"आजोबा, हे डिझेल आहे ना?" नातवाने विचारले.

"हो."

"मग वाफ कशी?"

त्याच्या आईने कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून माझ्याकडे मिस्कीलपणे पाहिले. या प्रश्नाच्या उत्तरात तिचाही थोडा भाग आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

"या इंजिनाच्या पोटात एक बंब आहे," मी म्हणालो. आणि म्हणताक्षणीच माझ्या लक्षात आले की एका प्रश्नाचे उत्तर देताना मी दुसरा प्रश्न उभा केला आहे. इंग्लंडात वाढलेल्या मुलाने बंब कोठे पाहिला असणार? आता तो साताऱ्याच्या मुलांनीही पाहिला असेल की नाही, देव जाणे. आमच्या घरी न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा एक बंब असे. मधोमध उभे नळकांडे, त्यात निखारे, आणि नळकांड्याभोवती पाणी. पहाटे साडेचारला आई तो पेटवी. ढलप्या, गोवरीचा तुकडा, वर थोडे रॉकेल. मग फुंकणी घेऊन खालच्या भोकाशी ती बसे. आम्ही भावंडे उठावयाच्या वेळी पाणी तापलेले असावयाचे आणि आम्ही आंघोळीस जावयाचे, एवढाच सृष्टिक्रम आम्हांस माहीत होता. बंब पेटतो कसा हे मी पुढे विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकविले. परंतु तो पेटवितो कोण, हा प्रश्न त्या आकृतीत कधी आला नाही.

खरे म्हणजे आगगाडी आणि ऊब यांचा संबंध आपल्याकडच्या माणसाच्या सहजासहजी ध्यानात येत नाही. आपली सारी तक्रार उकाड्याची. पंखे येण्यापूर्वी आपल्या उतारूंनी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आणि पैसेवाल्यांनी डब्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून घेतल्या. विलायतेत प्रकार अगदी उलटा. तेथे आगगाडी सुरू झाल्यावर कित्येक वर्षे थंडीवर उपाय म्हणजे घोंगडी आणि पायांखाली ठेवावयाचा गरम पाण्याचा चपटा पत्र्याचा डबा, एवढाच होता. तो डबा तासा-दीड तासात निवे आणि मग पुढच्या स्टेशनवर हमाल तो बदली. १८८०च्या सुमारास फ्रान्सिस वेब नावाच्या एंजिनिअराने लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर या डब्यांत पाण्याऐवजी सोडियम ॲसिटेट भरण्याची युक्ती काढली. हे लवण वितळवून डबे उतारूंच्या पायांशी ठेवावयाचे. ते निवले की डबा हातात घेऊन जोराने हालवावयाचा. म्हणजे आतला द्रव गोठू लागतो आणि गोठता गोठता पुन्हा उष्णता देतो. एखाद्या सभ्य इंग्रज गृहस्थाने गाडीत उभे राहून, टोपी सावरीत, तो पत्र्याचा डबा गदागदा हालवावा, हे चित्र डोळ्यांसमोर आले की मला अजून हसू येते. पण त्यातले शास्त्र चोख आहे.

पुढे याहून साधी कल्पना निघाली. वाफेच्या इंजिनात वाफ तर मुबलकच असते. तिच्यातली थोडी नळीने मागे डब्यांतून खेळविली म्हणजे झाले! घरच्या गाईच्या दुधातले वाटीभर शेजारी देण्यासारखेच हे. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणजे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत उष्णता वाहून नेण्यास वाफेसारखा हमाल नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनचे बहुतेक उतारू-डबे असे वाफेचे झाले. प्रत्येक डब्याखाली एक जाड नळ, दोन डब्यांच्या मध्ये लवचीक नळी, बाकाखाली शेगडीवजा नळ्या आणि बाकाच्या वर 'थंड' व 'गरम' असे दाखविणारा दांडा. पुढच्या डब्यांत घाम यावा व मागच्या डब्यांत हुडहुडी भरावी, एवढा दोष त्यात होता. अनुभवी उतारू हिवाळ्यात इंजिनाजवळचा डबा धरीत.

अशा या व्यवस्थेत डिझेल इंजिनाने पाऊल टाकले, आणि नव्या सुनेपुढे जुन्या घरात उभी राहते तशी अडचण त्याच्यापुढे उभी राहिली. ब्रिटनमधले मुख्य मार्गावरचे पहिले डिझेल इंजिन, क्रमांक १००००, डर्बीच्या कारखान्यातून १९४७च्या डिसेंबरात बाहेर पडले. १९५५ साली रेल्वेच्या आधुनिकीकरणाची १,२४० दशलक्ष पौंडांची योजना जाहीर झाली आणि प्रथम १७४ डिझेल इंजिने नमुन्यादाखल मागविण्यात आली. या इंजिनांत वाफ नाही. त्यांच्या यंत्रात निर्माण होणारी पुष्कळशी उष्णता धुराड्यातून आणि पाणी गार करणाऱ्या जाळीतून हवेत जाते. ती तशीच उचलून बारा डब्यांच्या खालून फिरविणे सोपे नसते. आणि डबे तर हजारोंनी वाफेचे! ते एका दिवसात बदलावयाचे कसे? राजा गेला, पण त्याचे नाणे बाजारात चालूच राहिले.

तेव्हा इंजिनिअरांनी केले काय, तर डिझेल इंजिनाच्या आत एक छोटासा वाफेचा बॉयलर बसविला. ज्या वाफेला हाकलून देण्यासाठी हे इंजिन आले, तिच्याचसाठी त्याने आपल्या घरात एक खोली राखून ठेवली. शंभर टनांहून जड असे आधुनिक यंत्र, त्याच्या पोटात पाण्याची टाकी, तेलाचा बर्नर, पंप, आणि त्या सगळ्याचे काम काय, तर मागे बसलेल्या माणसांचे पाय शेकणे!

या बॉयलरांच्या मुख्य जाती तीन: स्पॅनर, स्टोन-व्हेपर आणि क्लेटन. स्पॅनर हा थेट आमच्या बंबाच्या कुळातला. त्यात पाणी बाहेर आणि जाळ आतल्या नळ्यांतून. स्टोन-व्हेपरचा न्याय उलटा. त्यात पाणी वेटोळ्याच्या बारीक नळीतून जाते, जाळ त्या वेटोळ्यावर पडतो, आणि पाण्याची हां हां म्हणता वाफ होते. ही मूळची अमेरिकेची युक्ती. दोहोंतही तेल तेच, इंजिन चालविणारे डिझेल. ते तुषारांच्या रूपाने आत फवारावयाचे, विजेच्या ठिणगीने पेटवावयाचे, आणि ज्योत विझली, पाणी कमी पडले किंवा काही अतोनात तापले, तर यंत्राने आपण होऊन तेल बंद करावयाचे. रचना मोठी हुशारीची होती. मात्र अती हुशार माणसाप्रमाणे तिचाही स्वभाव रुसवा होता. पाण्यातला क्षार, पंपातला कचरा, गाडीचे हादरे, वाऱ्याचा एखादा उलटा झोत, एवढ्या कारणानेही ती रुसे. आणि एकदा रुसली म्हणजे कोणीतरी जाऊन तिची समजूत काढल्यावाचून पुन्हा पेटत नसे.

पाणीही तिला भारी लागे. मोठ्या इंजिनावरचा बॉयलर तासाला दोन हजार पौंडांहून अधिक वाफ करू शके. विलायती गॅलन पाण्याचे वजन दहा पौंड. म्हणजे तासाला दोनशे गॅलन पाणी झाले. लंडन ते एडिंबरो हे अंतर ३९३ मैलांचे. एवढे पाणी आणावयाचे कोठून? तर रुळांमधून! १८६० साली जॉन रॅम्सबॉटम या एंजिनिअराने वेल्समध्ये मॉख्ड्रे येथे दोन रुळांच्या मधोमध पाण्याची एक लांबच लांब उथळ पन्हळ बसविली होती. धावत्या वाफेच्या इंजिनाने खाली एक ओगराळे सोडावयाचे आणि वेगाच्या जोरावरच पाणी वर टाकीत चढवून घ्यावयाचे. पुढे अशा पन्हळी ठिकठिकाणी झाल्या. आता गंमत पाहा. १९६१-६२मध्ये आलेली 'डेल्टिक' इंजिने म्हणजे त्या काळचा चमत्कार. ३,३०० अश्वशक्ती आणि ताशी शंभर मैलांचा वेग. त्या डेल्टिकांनाही हे ओगराळे बसविलेले होते, आणि वाफेच्या इंजिनांनी ज्या पन्हळीतून पाणी प्यावे तिच्यातूनच त्याही पाणी पीत. जुन्या आडावर नव्या घागरी. गार्सडेल येथील डोंगरमाथ्यावरच्या पन्हळीतले पाणी हिवाळ्यात गोठू नये म्हणून ते वाफेने तापवीत असत, हे ऐकले तेव्हा तर मी हात टेकले. माणसांना तापविण्यासाठी पाणी, आणि ते पाणी राहावे म्हणून पुन्हा त्याला तापविणे!

हे गोठणे ही नुसती विनोदाची बाब नव्हती. १९६२च्या नाताळानंतर इंग्लंडात जो बर्फ पडू लागला, तो मार्चच्या आरंभापर्यंत हटला नाही. १७४० नंतर तेथे इतका कडक हिवाळा झाला नव्हता. त्या हिवाळ्यात डिझेल इंजिनांची फार दैना झाली. तेल घट्ट होऊन नळ्यांत बसले, बॉयलरांच्या नळ्यांतले पाणी गोठले; ज्याने उतारूंना थंडीपासून वाचवावयाचे तोच थंडीने आधी गारठला. बाजूला सारलेली वाफेची इंजिने पुष्कळ ठिकाणी पुन्हा बोलावून आणावी लागली. त्या वेळी जुन्या फायरमन लोकांनी मिशांत हसून घेतले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

फायरमनचे नाव निघाले म्हणून सांगतो. डिझेल आले तेव्हा सर्वांत बिकट प्रश्न त्याचा झाला. शेगडीच नाही, तर कोळसा कसला घालावयाचा? त्याचे नाव बदलून 'सेकंडमन', म्हणजे दुसरा माणूस, असे ठेवण्यात आले. ज्या माणसाचे नाव अग्नीवरून पडले होते, ते आता नुसत्या आकड्यावरून पडले! १९५७ साली रेल्वे आणि कामगारसंघ यांच्यामध्ये करार झाला आणि काही अटींवर एकट्या ड्रायव्हरने गाडी चालवावी असे ठरले. पण जेथे वाफेची ऊब द्यावयाची असेल तेथे दुसरा माणूस हवाच. कारण धावत्या गाडीत ड्रायव्हरला जागा सोडता येत नाही, आणि बॉयलर तर रुसणारच. अशा रीतीने त्या लहानशा बंबाने पुष्कळ फायरमनांच्या तोंडातला घास राखला. बॉयलर विझला की त्याने यंत्राच्या खोलीत शिरावयाचे. त्या खोलीत इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाचे ओरडणेही ऐकू येऊ नये. एका हाताने कठडा धरून, तेलकट धुराच्या वासात वाट काढीत, बॉयलरपाशी जाऊन तो पुन्हा पेटवावयाचा, आणि परत येऊन बसतो न बसतो तोच पुन्हा विझल्याचा दिवा लागावयाचा.

हे सारे मला पुस्तकांवरून कळले ते फार उशिरा. यातले थोडे मी प्रत्यक्ष पाहिले ते १९७४ सालच्या डिसेंबरातल्या एका रात्री. त्या वेळी मी संशोधनासाठी तिकडे होतो; पत्नी बरोबर होती, आणि आमची मुलगी अवघी तीन महिन्यांची होती. आम्ही कोठून कोठे जात होतो आणि गाडी कोणती होती, हे मी मुद्दामच लिहीत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची फिर्याद आता मला कोणावर गुदरावयाची नाही. रात्रीची गाडी, आठ माणसांच्या खोलीत आम्ही तिघेच. निघताना बाकाखालच्या नळ्या कोमट होत्या. दीडेक तासाने त्या पार निवल्या. मी तो 'थंड' आणि 'गरम' दाखविणारा दांडा दहा वेळा इकडून तिकडे फिरविला. पदार्थविज्ञानाच्या पदवीधराने असे करावे हे हास्यास्पद आहे, पण थंडीत माणूस पदवी विसरतो. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटू लागली. आमच्याजवळचे सारे कपडे, टॉवेलसुद्धा, बाळाभोवती गुंडाळले. ती आधी रडत होती. मग रडेनाशी झाली, आणि आम्हांला त्याचीच अधिक भीती वाटू लागली. तिचे ओठ निळसर दिसताहेत की दिव्याच्या प्रकाशाने तसे भासते, हे आम्ही दोघे एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारीत होतो. बाटलीतले दूध बर्फासारखे झाले होते.

रात्री दोनच्या सुमारास गाडी एका जंक्शनवर थांबली. बाटली घेऊन मी खाली उडी मारली. उपाहारगृह बंद होते. मग मी सरळ इंजिनाकडे धावलो. तेथे जाऊन काय करणार होतो, ते मला ठाऊक नव्हते. बहुधा भांडणार होतो. इंजिनाचे दार उघडे होते, आणि पायरीवरून पन्नाशीचा एक माणूस खाली उतरत होता. तोंड तेलाने व काजळीने माखलेले. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

मी त्याच्यावर तुटून पडलो. "एवढे मोठे इंजिन आहे तुमचे, आणि चार डबे गरम करता येत नाहीत? गाडीत तान्ही मुले आहेत हे माहीत आहे तुम्हांला?" असे काहीतरी मी बोललो. इंग्रजीत रागावण्याचा मला सराव नव्हता, त्यामुळे जे शब्द आले ते अधिकच बोचरे आले असावेत.

त्याने उत्तर दिले नाही. त्याची नजर माझ्या हातातल्या बाटलीवर गेली. "केवढे आहे बाळ?" त्याने विचारले.

"तीन महिन्यांचे."

बाटली घेऊन तो पुन्हा वर चढला. मीही पायरीवर चढून पाहू लागलो. ड्रायव्हरच्या खोलीत चहासाठी विजेची एक लहान शेगडी होती. तिच्यावर पत्र्याच्या भांड्यात पाणी होते. त्याने बाटली त्या पाण्यात उभी केली. तेवढ्या वेळात तो आपल्या उत्तरेकडच्या बोलीत जे बोलला, त्यातले निम्मे मला कळले. बारा मैलांत चार वेळा पेटविला, चार वेळा विझला. पंपाची गाळणी कचऱ्याने भरली होती, ती काढून साफ केली. आता पेटला आहे, टिकेल असे वाटते. हात कशाने भाजला, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मग त्याने बाटली काढली, पुसली, आणि डाव्या बाहीचे टोक वर सारून दुधाचा एक थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहिला. साऱ्या अंगावर काजळी होती. मनगटाची आतली बाजू तेवढी पांढरी होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. गार्डची शिट्टी झाली. मी बाटली कोटाच्या आत धरून धावत सुटलो.

अर्ध्या तासाने बाकाखाली 'टक् टक्' असा आवाज होऊ लागला. थंड लोखंडात वाफ शिरली म्हणजे ते असे बोलते. मग तापलेल्या धुळीचा वास आला. काचेवरची नक्षी विरघळली आणि तिचे ओघळ वाहू लागले. बाळाने हात बाहेर काढला आणि ती पुन्हा रडू लागली, तेव्हा माझी पत्नीही रडली. मी मात्र जागाच राहिलो. मला साताऱ्याचे न्हाणीघर दिसत होते. श्रावणातली एक सकाळ. शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती, मला लवकर जावयाचे होते, आणि ओल्या ढलप्या पेटत नव्हत्या. "एवढेसे पाणी तापवायला इतका वेळ?" असे मी दारातून ओरडलो होतो. आईने वळून पाहिले. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. ती काही बोलली नाही. फुंकणी तोंडाशी धरून पुन्हा खाली वाकली. त्या स्पर्धेत मला बक्षीस मिळाले होते. विषय 'मातृप्रेम' असा होता.

सकाळी गाडी मुक्कामाला पोचल्यावर मी इंजिनापाशी गेलो. तेथे दुसरीच माणसे होती. मध्यरात्रीनंतर कोठल्याशा स्टेशनवर पाळी बदलली होती.

त्यानंतर ही वाफेची ऊब फार वर्षे टिकली नाही. विजेची आली. इंजिनातच वीज तयार करावयाची, ती जाड तारेने मागे डब्यांना पुरवावयाची, आणि तीवरच शेगड्या, दिवे, स्वयंपाकघर व थंडगार हवेची यंत्रे चालवावयाची. दक्षिण विभागासाठी १९६० ते १९६२ या काळात बांधलेल्या ९८ इंजिनांत ही सोय पहिल्यापासून होती. १९७१च्या सुमारास वातानुकूलित डबे येऊ लागले, तेव्हा तिच्यावाचून गत्यंतरच उरले नाही. मधली काही वर्षे मोठ्या घोटाळ्याची गेली. वाफेच्या इंजिनाला विजेचे डबे किंवा विजेच्या इंजिनाला वाफेचे डबे जोडले गेले, म्हणजे उतारूंच्या नशिबी थंडीच. म्हणून इंजिनांच्या नावांतच हा भेद घालण्यात आला. ४७ क्रमांकाच्या वर्गात ५१२ इंजिने होती. त्यांतली ४७/० म्हणजे वाफ देणारी, ४७/४ म्हणजे वीज देणारी, आणि ४७/३ म्हणजे काहीच न देणारी, मालगाडीची. या शेवटच्यांना उन्हाळ्यात सुटीच्या गाड्या ओढावयास बोलावीत आणि हिवाळा आला की विसरत. अशी माणसेही मला माहीत आहेत.

'वेस्टर्न' नावाच्या ७४ देखण्या इंजिनांची कथा मात्र मला चटका लावते. त्यांच्यात शक्ती चाकांपर्यंत विजेने न जाता तेलाच्या प्रवाहाने जात असे. त्यामुळे डब्यांना पुरेल एवढी वीज त्यांच्याजवळ नव्हती, आणि ती निर्माण करणारे यंत्र मागाहून बसविणे परवडणारे नव्हते. त्यांच्या अंताला कारणे आणखीही होती. पण नव्या डब्यांना ऊब देता येत नाही, हे एक ठळक कारण होते. १९७७च्या फेब्रुवारीत, बांधल्यापासून सोळा वर्षेही होण्यापूर्वीच, त्यांतली शेवटची इंजिने रजेवर गेली. त्यांच्यातही तो लहानसा बॉयलर होता. तोच शेवटपर्यंत त्यांचे काम करीत होता.

विजेची ऊब रुसत नाही. तिला पाणी नको, गाळणी नको, आणि दुसरा माणूसही नको. ड्रायव्हरने एक कळ दाबली की पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत सारखी ऊब. मी इतका कृतघ्न नाही की तिला नावे ठेवावी. परवाच लंडनला जाताना मी तिच्या आधारावर तीन तास झोपलो, आणि ती कोठून आली हा विचार माझ्या मनात आला नाही.

यातले किती मी नातवाला सांगितले? थोडेच. वेटोळ्याची नळी, ठिणगी, पन्हळीतले पाणी, एवढे त्याला पुरले. ओगराळ्याची युक्ती ऐकून तर तो इतका खूश झाला की त्याने इंजिनाखाली वाकून ते शोधले. दुधाची गोष्ट मी सांगितली ती त्याच्या आईला, परतीच्या वाटेवर. तिने ती निमूटपणे ऐकली आणि बराच वेळ गाडीच्या खिडकीबाहेर पाहिले.

पण त्याआधी फलाटावर जे झाले ते सांगावयाचे राहिले. गाडी सुटावयास पाच-सहा मिनिटे होती. इंजिनाच्या दारातून एक वृद्ध गृहस्थ खाली उतरले. माझ्याच वयाचे असतील. हौसेने काम करणाऱ्यांपैकी एक. चेहऱ्यावर काजळी, हातात चिंधी. बॉयलर कसा काय आहे, असे मी विचारले. प्रश्न ऐकून त्यांना आश्चर्य वाटले. तेथे येणारे लोक बहुधा मोठ्या यंत्राबद्दल विचारतात, या धाकट्याबद्दल नाही. "सकाळी सहापासून त्याच्यापाशी बसलो आहे," ते म्हणाले. "दोनदा विझला. आता बरा आहे. तुम्ही पुढच्या डब्यात बसा, तेथे अधिक गरम आहे."

मी त्यांचे आभार मानले. ते मानताना माझा आवाज नको तितका जड झाला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. मी हात पुढे केला. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिले. तो तेलाने काळा झाला होता. तेव्हा कामकरी माणसाच्या रीतीप्रमाणे त्यांनी मूठ मिटून मनगट पुढे केले. मी ते धरले. पुढच्या डब्याच्या खिडकीतून नातू मला हाका मारीत होता. त्याने जागा धरून ठेवली होती, आणि धुके धरलेल्या काचेवर बोटाने आपले नाव लिहिले होते.